होडीतून आलेल्या माणसाची सुनावणी का घ्यायची?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. भूमध्य समुद्र होडीतून ओलांडून व्हिसाशिवाय युरोपात शिरणारे लोक उघडपणे कायदा मोडतात, मग त्यांना किनाऱ्यावरूनच परत का पाठवत नाहीत? जिवाच्या भीतीने पळालेला माणूस वाटेतल्या पहिल्या सुरक्षित देशात का थांबत नाही? आणि ज्यांचे अर्ज शेवटी फेटाळलेच जाणार, त्यांच्या सुनावणीत वर्षानुवर्षे का घालवायची? बावीस वर्षे मी आश्रयाच्या अर्जांवर काम करते आहे, आधी दिल्लीत अफगाण आणि म्यानमारच्या अर्जदारांसोबत आणि नंतर युरोपात. हे तिन्ही प्रश्न मला या काळात अनेकदा विचारले गेले आहेत. ते मी गैरवाजवी मानत नाही, पण त्यांची उत्तरे एका वाक्यात देता येत नाहीत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात स्वीकारलेल्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेला आणि म्हणून स्वदेशाबाहेर असलेला माणूस निर्वासित ठरतो. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता; १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढून टाकली. या व्याख्येत माणूस कोणत्या मार्गाने आला याचा उल्लेख नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. त्याच कराराचे ३१ वे कलम सांगते की, धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेल्या, विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या आणि बेकायदा प्रवेशाचे समाधानकारक कारण देणाऱ्या निर्वासिताला त्या प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. ३३ वे कलम सांगते की, जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी त्याला परत पाठवू नये.

मसुदा करणाऱ्यांना या कलमांची गरज का वाटली असावी, हे समजायला फार मागे जावे लागत नाही. १९३९ मध्ये सेंट लुईस हे जहाज नऊशेहून अधिक ज्यू प्रवाशांना घेऊन हॅम्बर्गहून निघाले. क्यूबाने मोजके लोक सोडून बाकीच्यांना उतरू दिले नाही, अमेरिका आणि कॅनडा यांनीही घेतले नाही, आणि जहाज युरोपात परतले. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या नरसंहारात मारले गेले. ज्या राज्याकडून छळ होतो त्याच राज्याच्या कार्यालयात पासपोर्टसाठी रांग लावणे पुष्कळांना शक्य नसते, आणि खोट्या कागदांवर निसटून जीव वाचवलेले लोक त्या पिढीने जवळून पाहिले होते.

आता होडीचा प्रश्न. मला वारंवार विचारतात की, हे लोक तस्कराला हजारो युरो देतात, तेवढ्या पैशात विमानाचे तिकीट का काढत नाहीत. तिकीट परवडते, पण विमानात चढता येत नाही. २००१ च्या युरोपीय निर्देशानुसार योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीला दर माणशी काही हजार युरो दंड होतो आणि परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. त्यामुळे काउंटरवरची कर्मचारी व्हिसा पाहते आणि नसेल तर माणसाला बाजूला करते. त्याला छळाची भीती आहे का, हे विचारणे तिचे काम नाही. आणि आश्रय मागण्यासाठी असा वेगळा व्हिसा जवळजवळ कुठेच मिळत नाही. २०१६ मध्ये अलेप्पोच्या एका सीरियन कुटुंबाने, तीन लहान मुलांसह, बैरूतमधील बेल्जियमच्या दूतावासात जाऊन नेमके हेच मागितले होते: आम्हाला मर्यादित मुदतीचा मानवतावादी व्हिसा द्या, म्हणजे आम्ही रीतसर येऊन आश्रयाचा अर्ज करू. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. अशा व्हिसाचा प्रश्न संघाच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, तो ज्या त्या देशाने ठरवावा, असा निकाल ७ मार्च २०१७ रोजी लागला. कायदेशीर मार्गाने का येत नाहीत, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर माझ्यापाशी नाही. आश्रयाचा अर्ज त्या देशाच्या भूमीवर किंवा सीमेवरच करता येतो आणि तिथवर पोहोचण्याची रीतसर वाट बंद आहे.

वाट उघडता येतच नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्रात याचे एक उदाहरण आहे आणि ते आपल्याकडेही थोड्यांनाच ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आली आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिली. त्यांना कोणा तस्कराच्या होडीत बसावे लागले नाही, कारण सरकारांनी आपसात ठरवून त्यांना आणले होते. आज याला पुनर्वसन म्हणतात. पण २०२४ मध्ये जगभरात अशा रीतीने दोन लाखांहून कमी निर्वासितांना तिसऱ्या देशात जागा मिळाली, आणि त्याच वर्षाअखेर जगात ४ कोटी २७ लाख निर्वासित होते. सर्वाधिक जागा देणाऱ्या देशांत गणल्या जाणाऱ्या अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये हा कार्यक्रम जवळपास थांबवला.

पहिल्या सुरक्षित देशाचा मुद्दा आकडे न पाहता मांडला जातो, म्हणून आकडे देते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०२४ अखेरच्या मोजणीनुसार आंतरराष्ट्रीय संरक्षणाची गरज असलेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेजारच्याच देशात थांबलेले आहेत आणि ७३ टक्के लोक कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत सुमारे दहा लाख रोहिंग्या आहेत. युरोपच्या किनाऱ्यावर दिसतो तो या प्रवाहाचा छोटा हिस्सा आहे. शिवाय १९५१ च्या करारात पहिल्याच देशात अर्ज करावा असे बंधन नाही. हा समज प्रामुख्याने डब्लिन व्यवस्थेमुळे पसरला आहे. १९९० मध्ये डब्लिनला झालेल्या करारापासून चालत आलेला तो युरोपीय देशांचा आपसातला नियम आहे, आणि माणूस ज्या देशातून प्रथम शिरला त्याच देशावर बहुतेक वेळा अर्जाचा भार टाकण्याचे काम तो करतो. याचा परिणाम असा की ग्रीस आणि इटली यांनी भार वाहायचा आणि भूमध्य समुद्राचा किनारा नसलेल्या देशांनी नियम दाखवायचा. ग्रीसमधील अर्जदारांची अवस्था इतकी वाईट होती की बेल्जियमने एका अफगाण अर्जदाराला तिथे परत पाठवले, हाच मानवी हक्कांचा भंग ठरला, असे २०११ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाला म्हणावे लागले.

सुरक्षित या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये ग्रीसने सीरिया, अफगाणिस्तान, सोमालिया, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील अर्जदारांसाठी तुर्कस्तान हा सुरक्षित तिसरा देश म्हणून जाहीर केला. पण तुर्कस्तानने मार्च २०२० पासूनच ग्रीसमधून कोणाला परत घेणे थांबवले होते. म्हणजे आमच्या अर्जदाराला सांगितले जाई की तुझा अर्ज विचारात घेणार नाही, तू तुर्कस्तानात जा. आणि तुर्कस्तानचे दार तर बंद. अशा अवस्थेत ग्रीसच्या बेटांवर महिने काढलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या फायलींत त्यांना काय भीती आहे याबद्दलचा एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

माझ्या मते सारा वाद इथे येऊन ठेपतो. आश्रय द्यावा की नाही यावर सरकारे उघडपणे फारशी भांडत नाहीत, कारण बहुतेकांनी करारावर सही केलेली आहे. भांडण आहे ते माणसाचे म्हणणे कोणी ऐकायचे, कुठे ऐकायचे, किती दिवसांत ऐकायचे, की ऐकायचेच नाही, यावर. ज्याची मुलाखत झाली नाही त्याचा करारातला हक्क कागदावर शाबूत राहतो आणि प्रत्यक्षात संपतो.

मुलाखतीच्या खोलीत काय होते हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. बहुसंख्य अर्जदारांजवळ पुरावा म्हणून स्वतःच्या कहाणीखेरीज काही नसते. अधिकारी ती कहाणी तपशील, सुसंगती आणि त्या देशाविषयीची माहिती या कसोट्यांवर घासून पाहतो. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा मागत नाहीत. भीती वाजवी असली तरी पुरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले होते की, छळाची शक्यता दहा टक्के असली तरी भीती साधार असू शकते. कसोटी इतकी उदार असूनही अर्ज फेटाळले जातात ते पुष्कळदा 'विसंगती' या एका शब्दावर.

एका अफगाण तरुणाची फाईल माझ्याकडे अपिलाच्या टप्प्यावर आली. त्याच्या भावाला नेले गेले ती घटना अफगाण सौर पंचांगातल्या १३९४ सालच्या दलव महिन्यातली होती. पहिल्या मुलाखतीत दुभाष्याने वर्षात ६२१ मिळवले आणि कागदावर २०१५ लिहिले गेले. दुसऱ्या मुलाखतीतल्या दुभाष्याने महिना लक्षात घेऊन २०१६ सांगितले. दलव महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा इसवी सन बदललेले असते आणि ६२२ मिळवावे लागतात. तरुणाने दोन्ही वेळा एकच तारीख सांगितली होती. निकालपत्रात मात्र लिहिले होते की अर्जदार आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटनेचे वर्ष नीट सांगू शकत नाही, सबब त्याचे कथन विश्वासार्ह नाही. मराठी माणसाला ही चूक समजावून सांगावी लागू नये. शिवरायांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. त्यात नेहमीप्रमाणे ७८ मिळवले तर १६२९ येते, आणि इसवी तारीख मात्र १९ फेब्रुवारी १६३० आहे. फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात, हे आपल्याकडे पंचांग पाहणारा कोणीही सांगेल. त्या फाईलवर ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण पहिल्या टप्प्यावर त्या तरुणाला वकीलच मिळाला नव्हता. अपिलात ती दुरुस्त झाली आणि त्याला निर्वासिताचा दर्जा मिळाला, पण मधली चार वर्षे गेली, आणि त्या काळात त्याची आई वारली.

असे अनेक प्रकार घडतात. भाऊ शेजारी बसलेला असताना बलात्काराविषयी विचारलेली स्त्री नाही म्हणते, आणि सहा महिन्यांनी एकटी असताना हो म्हणते तेव्हा तिच्यावर बनावाचा ठपका येतो. छळ सोसलेल्या माणसाला खोलीतल्या पंख्याचा आवाज आठवतो आणि वार आठवत नाही. अशा फायली हाताळायला अनुभवी अधिकारी, चांगला दुभाषी आणि पुरेसा वेळ लागतो. म्हणूनच सुनावणी दूर ढकलण्याच्या किंवा घाईने उरकण्याच्या योजना पाहिल्या की मला काळजी वाटते.

दूर ढकलण्याचा इतिहास मोठा आहे. त्यातली तीन उदाहरणे पुरेत. ६ मे २००९ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेस ३५ सागरी मैलांवर इटलीच्या जहाजांनी तीन होड्यांतील सुमारे दोनशे माणसांना वर घेतले आणि नाव-गावही न विचारता त्रिपोलीला नेऊन लिबियाच्या हवाली केले. त्यांपैकी ११ सोमाली आणि १३ एरिट्रियन माणसांनी दाद मागितली. जहाज खुल्या समुद्रात असले तरी त्यावर इटलीचाच अधिकार चालतो आणि म्हणून इटलीचीच जबाबदारी, असे मानवी हक्क न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी एकमताने ठरवले. तेव्हा आम्हाला वाटले होते की प्रश्न मिटला. पण २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी समझोता केला आणि होड्या अडवण्याचे काम, साधने आणि प्रशिक्षण देऊन, लिबियाच्याच तटरक्षकांकडे गेले. न्यायालयाने युरोपच्या जहाजाला मनाई केली, तर जहाजच बदलले. लिबियातील कोठड्यांत स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०२३ मध्ये नोंदवले आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्यांना सुनावणीसाठी रवांडात पाठवण्याचा करार एप्रिल २०२२ मध्ये झाला. रवांडातील आश्रयव्यवस्था भरवशाची नाही आणि तिथून लोक छळाच्या देशात परत धाडले जाण्याचा खरा धोका आहे, असे पुरावे तपासून सर्वोच्च न्यायालयाने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी एकमताने सांगितले. त्यावर संसदेने कायदा करून रवांडा सुरक्षित असल्याचे जाहीर केले. वस्तुस्थितीचा प्रश्न बहुमताने ठरवता येतो, हे मला आजही मान्य होत नाही. २०२४ मध्ये सरकार बदलले आणि योजना गुंडाळली गेली. नव्या सरकारच्या हिशेबाप्रमाणे तोवर सुमारे ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रवांडाला गेलेली माणसे चार, तीही स्वखुशीने.

तिसरे इटली आणि अल्बानियाचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलाच्या जहाजातून बांगलादेश आणि इजिप्तमधील १६ पुरुष अल्बानियातील केंद्रात नेले गेले. चार जणांना वय किंवा प्रकृतीच्या कारणाने लगेच परत आणावे लागले, उरलेल्या बारांनाही रोमच्या न्यायालयाच्या आदेशानंतर काही दिवसांतच इटलीत आणले. वाद होता 'सुरक्षित मूळ देशा'च्या, म्हणजे ज्यांच्या नागरिकांना मायदेशी सहसा छळाचा धोका नाही असे मानले जाते अशा देशांच्या, यादीचा. १ ऑगस्ट २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की सरकार अशी यादी करू शकते, पण ती कोणत्या माहितीवर केली हे अर्जदाराला आणि न्यायालयाला तपासता आले पाहिजे.

ही यादी आपल्यालाही लागू होते, हे मराठी वाचकांनी लक्षात घ्यावे. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने संघासाठी जी सामायिक यादी प्रस्तावित केली, तिच्यात बांगलादेश, इजिप्त, कोलंबिया, कोसोव्हो, मोरोक्को, ट्युनिशिया यांच्यासोबत भारताचेही नाव आहे. त्याचे कारण अर्जांच्या संख्येत सापडते. सर्बियात भारतीयांना व्हिसा लागत नव्हता तोवर अनेक तरुण विमानाने बेलग्रेडला उतरत आणि तिथून ऑस्ट्रियात शिरत. २०२२ मध्ये ऑस्ट्रियात भारतीयांचे आश्रयाचे अर्ज वीस हजारांच्या घरात गेले आणि जवळपास सर्व फेटाळले गेले. १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने व्हिसा लागू केल्यावर ते झपाट्याने कमी झाले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. यांतील बहुतेकांना काम हवे होते आणि कामाचा व्हिसा मिळत नव्हता. आश्रयाची वाट अशा लोकांकडूनही वापरली जाते, आणि तिच्यावर त्यामुळे ताण येतो, हे मी कधीच नाकारलेले नाही.

म्हणून आपल्या तिसऱ्या भागाशी मी बरीचशी सहमत आहे. युरोपीय संघात परत जाण्याचा आदेश मिळालेल्यांपैकी थोडेच जण प्रत्यक्षात परत जातात. ज्याचा दावा खरा नाही त्याला पाच वर्षे टांगते ठेवल्याने त्याचे भले होत नाही, आणि ज्याचा खरा आहे त्याची जागा अडते. जून २०२६ पासून लागू होणाऱ्या युरोपीय स्थलांतर करारात यावर काढलेला उपाय असा की, ज्या देशांच्या अर्जदारांना संघात सरासरी २० टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात संरक्षण मिळते, त्यांची प्रकरणे सीमेवरच बारा आठवड्यांत, अपिलासह, निकाली काढायची. मला खटकते ती मुदत नव्हे. शंभरांत पंधरा अर्ज खरे ठरणाऱ्या देशातून आलेला माणूस त्या पंधरांपैकी आहे की पंच्याऐंशींपैकी, हे बंद आवारात, वकील क्वचितच पोहोचेल अशा ठिकाणी ओळखायचे कसे, याची तयारी मला अजून दिसत नाही.

घाई न करता जलद काम होऊ शकते, याचा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये आहे. जून २०१६ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी मान्य केलेली आणि १ मार्च २०१९ पासून लागू झालेली तिथली पद्धत असंदिग्ध प्रकरणांचा निकाल १४० दिवसांत लावू पाहते. त्याच वेळी अर्जदाराला पहिल्या दिवसापासून मोफत कायदेशीर प्रतिनिधी देते आणि अधिकारी, दुभाषी व वकील एकाच आवारात बसवते. तिथेही चुका होतात आणि तिथल्या वकिलांचीही अपिलाच्या मुदतीबद्दल तक्रार आहे. तरी वर सांगितलेल्या तरुणाच्या फायलीत पहिल्या आठवड्यात कोणी वकील बसला असता, तर ६२१ आणि ६२२ यांतला फरक त्याने तिथेच दाखवला असता. आणि ज्यांचा दावा खरा नव्हता अशा अर्जदारांनी वकिलाने स्पष्ट समजावल्यावर अर्ज मागे घेऊन परतीचे तिकीट स्वीकारल्याचेही मी पाहिले आहे.

यावर कोणी विचारेल की इतक्या लोकांसाठी एवढी यंत्रणा युरोपला झेपेल का. ४ मार्च २०२२ रोजी संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ पासून न वापरलेला निर्देश युक्रेनच्या नागरिकांसाठी लागू केला आणि पुढे चाळीस लाखांहून अधिक लोकांना एकेकाची मुलाखत न घेता निवास, शाळा आणि कामाचा हक्क दिला. २०१५ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहा लाख लोकांवरून हाच संघ दुभंगला होता. तेव्हा आश्रयाच्या अर्जांना पुरतील इतके दुभाषी आणि वकील नेमायला पैसा नाही, असे मला कोणी सांगितले, तर मी त्याला युक्रेनच्या त्या काही आठवड्यांचे कागद काढून दाखवते.